पोर्ट ४४३३, मुक्काम पोस्ट सांगली

एनक्रिप्टेड सर्व्हर, म्हणजे कुलूपबंद मजकुरात बोलणारा संगणक, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं थंडगार खोली, काचेचं दार आणि बूट काढून आत शिरणारा गंभीर चेहऱ्याचा इसम येतो. विश्रामबागेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, कीबोर्डात भडंगाचे दाणे अडकलेल्या लॅपटॉपवर तो दोन कमांडीत उभा राहतो, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. उभा राहतो, यात वाद नाही. उभा राहिल्यावर जे काही करतो, त्याला मी ताप म्हणतो.

हत्याराचं नाव ओपनएसएसएल, म्हणजे एनक्रिप्शनची कामं करणारा प्रोग्रॅम. लिनक्सवर ते बहुधा आधीपासूनच असतं, विंडोजवर गिट या प्रोग्रॅमरांच्या हत्याराबरोबर येणाऱ्या बॅश नावाच्या कमांडीच्या खिडकीत सापडतं. त्यात एस_सर्व्हर नावाची एक पोटकमांड आहे. तिचा जन्म फक्त चाचणीसाठी. तिच्यावर दुकान चालवायचं नाही. दुकानाचं कुलूप नीट बसतंय का, एवढंच पाहायचं. इथल्या कमांडी नागरीत लिहिल्यात, पण टर्मिनलवर (कमांडी लिहायच्या खिडकीत) त्या रोमनमध्येच टाइप करायच्या. आणि कृपा करून टाइपच करायच्या. कुणी वर्डच्या फाइलीत लिहून पाठवलेली कमांड कॉपी केली की छोट्या डॅशचा लांब डॅश झालेला असतो आणि सरळ अवतरणचिन्हं बाकदार झालेली असतात. डोळ्यांना काही फरक दिसत नाही, ओपनएसएसएलला दिसतो, आणि ते अनोळखी ऑप्शन म्हणून हात झटकतं.

आधी सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. साध्या मार्गानं गेलात, तर ओपनएसएसएल जनगणनेला आल्यासारखं प्रश्न विचारतं. देश कोणता? कंसात उत्तर तयार: एयू. म्हणजे ऑस्ट्रेलिया. याचं कारण असं, की ओपनएसएसएल १९९८ च्या डिसेंबरात सुरू झालं ते एसएसएलईएवाय नावाच्या जुन्या लायब्ररीवर, आणि ती लिहिणारे एरिक यंग आणि टिम हडसन ऑस्ट्रेलियातले. त्यांचा पत्ता अजून पुसलेला नाही. तुम्ही नुसतं एंटर, एंटर, एंटर करत गेलात तर सांगलीतला तुमचा सर्व्हर ‘सम-स्टेट’ नावाच्या राज्यातल्या ‘इंटरनेट विजिट्स पीटीवाय लिमिटेड’च्या मालकीचा होतो. देशाभिमानानं ‘इंडिया’ लिहिलंत तर दोनच अक्षरं चालतात म्हणून ओरडा बसतो, ‘आयएन’ लिहायचं. मग येतो कॉमन नेम, म्हणजे ओळखपत्र कुणाच्या नावाचं ते. तिथं ‘सर्व्हरचं नाव किंवा तुमचं नाव’ अशी मोकळीक दिलेली दिसते आणि माणूस आनंदानं आडनावासकट स्वतःचं नाव घालतो. ब्राउझर मग लोकलहोस्ट (म्हणजे ‘हेच मशीन’) नावाचं सर्टिफिकेट शोधत बसतो आणि त्याला भेटतात आपले राव.

या चौकशीला सोडचिठ्ठी देणारी एकच लांबलचक ओळ आहे, ती भिंतीवर चिकटवून ठेवावी:

ओपनएसएसएल रेक -एक्स५०९ -न्यूकी आरएसए:२०४८ -नोड्स -कीआउट की.पेम -आउट सर्ट.पेम -डेज ३६५ -सब्ज "/सीएन=लोकलहोस्ट" -अॅडएक्स्ट "सब्जेक्टऑल्टनेम=डीएनएस:लोकलहोस्ट,आयपी:१२७.०.०.१"

यातून दोन फाइली निघतात: की.पेम ही खासगी चावी आणि सर्ट.पेम हे सर्टिफिकेट. नोड्स लिहिलं नाही तर चावीला पासफ्रेज लागते, आणि सर्व्हर सुरू करताना दर वेळी ती मागितली जाते. टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही, त्यामुळं कीबोर्ड बिघडला असा समज होतो. डेज विसरलात तर सर्टिफिकेट ३० दिवसांचं निघतं. महिन्यानं कुणालाच काही आठवत नसताना ते मरतं. शेवटचा सब्जेक्टऑल्टनेमचा तुकडा, म्हणजे सर्व्हरच्या नावांची आणि पत्त्यांची यादी, मात्र जिवाचा. कॉमन नेमवर विसंबू नका, असं २००० सालच्या आरएफसी २८१८ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदातच सांगून ठेवलं होतं. क्रोमनं २०१७ मध्ये ५८ व्या आवृत्तीत ते मनावर घेतलं आणि कॉमन नेमकडं बघणंच सोडलं. अॅडएक्स्ट हा ऑप्शन ओपनएसएसएलच्या १.१.१ आवृत्तीपासून आहे. त्याहून जुनं ओपनएसएसएल मशीनवर असेल तर आधी ते बदला.

विंडोजवाल्यांचा आणखी एक भोग. गिट बॅशला ‘/सीएन’ दिसलं की तो त्याला फोल्डरचा पत्ता समजतो आणि पुढं सी ड्राइव्हमधला प्रोग्रॅम फाइल्स, गिट असा सगळा वाडा जोडून देतो. सुरुवातीला एकाऐवजी दोन तिरप्या रेघा द्यायच्या, की गप्प बसतो.

आता सर्व्हर:

ओपनएसएसएल एस_सर्व्हर -अॅक्सेप्ट ४४३३ -सर्ट सर्ट.पेम -की की.पेम

पोर्ट म्हणजे मशीनच्या दाराचा नंबर. तो दिला नाही तरी ४४३३ च धरला जातो. खरा एचटीटीपीएसचा (एनक्रिप्टेड वेबचा) पोर्ट ४४३, पण लिनक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट सामान्य माणसाला मिळत नाहीत. त्यासाठी रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, लागतो, आणि चाचणीसाठी रूट होऊ नये. पडद्यावर ‘अॅक्सेप्ट’ उमटलं की सर्व्हर लागला. ‘की व्हॅल्यूज मिसमॅच’ उमटलं तर चावी एका वेळची आणि सर्टिफिकेट दुसऱ्या वेळचं आहे. सरळ दोन्ही फाइली उडवा आणि भिंतीवरची ओळ पुन्हा चालवा.

ब्राउझरमध्ये पत्ता (लोकलहोस्ट:४४३३) टाकताना आधी एचटीटीपीएस पूर्ण लिहायचं. नुसतं एचटीटीपी गेलं तर सर्व्हरच्या पडद्यावर ‘एचटीटीपी रिक्वेस्ट’ अशी चूक येते. एनक्रिप्शनच्या दारात कुणीतरी उघडंच आलं, एवढा त्याचा अर्थ. बरोबर लिहिलंत आणि ‘कनेक्शन प्रायव्हेट नाही’ हा इशारा ओलांडलात, की ब्राउझरची सगळी मागणी तुमच्या टर्मिनलमध्ये पडते: गेट, होस्ट, युजर-एजंट, हवी ती भाषा. आणि ब्राउझर गोल गोल फिरत राहतो. लोक इथं सर्व्हर अडकला म्हणून बंद करतात. अडकलेला नसतो. तो तुमच्या उत्तराची वाट बघत असतो! या अवस्थेत सर्व्हर म्हणजे तुम्ही स्वतः. ‘एचटीटीपी/१.० २०० ओके’ असं हातानं लिहा, एक ओळ रिकामी सोडा, मग मजकूर, आणि शेवटी स्मॉल क्यू दाबून एंटर. कनेक्शन बंद होतं आणि मजकूर ब्राउझरमध्ये. (सुरू करताना -सीआरएलएफ जोडलं तर ओळींचे शेवट वेबच्या रीतीप्रमाणं जातात.) वेब कसं चालतं हे समजावण्यासाठी मला याहून चांगला पाठ माहीत नाही. कॉलेजात तो का शिकवत नाहीत, कोण जाणे.

पण मजकूर जपून लिहायचा, कारण एस_सर्व्हरला काही अक्षरांची खोड आहे. ओळीचं पहिलंच अक्षर रोमन क्यू, पी किंवा एस असेल तर तो त्याला हुकूम समजतो. कॅपिटल एसनं सुरू होणारी ओळ लिहिली, की सेशनच्या आकडेवारीचा तक्ता तुमच्याच पडद्यावर ओततो. म्हणजे रोमनमध्ये सांगली लिहा, आकडेवारी. सातारा लिहा, आकडेवारी. शिराळा लिहा, तीच आकडेवारी. तिन्ही गावांना एकच न्याय. कॅपिटल पीचं प्रकरण अधिक गंभीर. पावसाळ्यात सांगलीत माणसं नमस्काराआधी ‘पाणी किती?’ विचारतात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे इथं पोराटोरांना पाठ असतं. तुम्ही सर्व्हरकडून रोमनमध्ये ‘पाणी ४० फूट’ पाठवायला गेलात, तर पी बघून सर्व्हर आधी ‘लेट्स प्रिंट सम क्लिअर टेक्स्ट’ हे वाक्य एनक्रिप्शनशिवाय तारेवर फेकतो. क्लायंट, म्हणजे पलीकडून बोलणारा, बिथरतो आणि नियमभंग झाला म्हणून फोन आपटतो. हे मुद्दाम ठेवलेलं आहे, क्लायंट बिथरतो की नाही हे तपासायला. पुराची पातळी राहते बाजूला. आणि मार्केट यार्डातल्या हळदीचा हिशोब लिहायला घेऊन ‘क्विंटल’नं ओळ सुरू केलीत, तर कॅपिटल क्यू म्हणजे सर्व्हरच बंद.

दुसऱ्या बाजूला एस_क्लायंट असतो, सर्व्हरशी बोलणारी ओपनएसएसएलचीच पोटकमांड. दुसरं टर्मिनल उघडून ‘ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट लोकलहोस्ट:४४३३’ असं म्हटलं की दोन्ही पडदे एकमेकांशी बोलायला लागतात. इकडं लिहिलं की तिकडं. मराठी माणूस बोलायला कशानं सुरुवात करणार? राम राम. कॅपिटल आर. एस_क्लायंट ‘रीनिगोशिएटिंग’ (पुन्हा वाटाघाट) छापतो आणि राम राम गिळून टाकतो. बरं, मग ‘कसं काय’ लिहावं, तर के म्हणजे ‘की-अपडेट’, तेही पोटात. आता आपले सगळेच प्रश्न क वरून: काय, कोण, कुठं, कधी, कसं, किती, का. रोमनमध्ये एकही प्रश्न पलीकडं पोचत नाही आणि प्रत्येक प्रश्नाला नव्या चाव्या मागवल्या जातात. क्लायंटला -नोकमांड्स किंवा -क्वाएट हा ऑप्शन दिला की ही अक्षरं साधी अक्षरं होतात. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: देवनागरीत लिहा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, नागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं आणि पहिला बाइट कायम ई०, जो कुठल्याच हुकुमाशी जुळत नाही. ‘कसं काय पाव्हणं’ नागरीत लिहिलं की सुखरूप पलीकडं.

नागरी तेवढी -रेव्ह या ऑप्शनपुढं हरते. सर्व्हर त्यानं सुरू केला तर आलेला मजकूर उलटा करून परत पाठवतो. रोमन सांगलीचं ‘इल्ग्नास’ होऊन येतं, एखाद्या युरोपियन फुटबॉलपटूसारखं. पण तो उलटवतो बाइट, अक्षरं नव्हे. नागरी ‘सांगली’ म्हणजे सहा चिन्हं, अठरा बाइट. ते शेवटापासून लावले की कुठल्याच भाषेत बसत नाहीत आणि पडद्यावर प्रश्नचिन्हांचे चौकोन येतात.

हातानं उत्तरं द्यायची हौस नसेल तर -डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू जोडा. स्मॉल अक्षरांत दिलं तर सर्व्हर स्वतःच्या माहितीचं पान दाखवतो: कोणते सायफर (एनक्रिप्शनच्या रीती), टीएलएस या एनक्रिप्शनच्या नियमांची कोणती आवृत्ती. कॅपिटलमध्ये दिलं तर चालू फोल्डरमधल्या फाइली वाढतो. फाइलचं पूर्ण नाव द्यावं लागतं, इंडेक्स वगैरे तो आपणहून शोधत नाही. इथं एक खड्डा आहे आणि तो खोल आहे. तुमची की.पेम त्याच फोल्डरमध्ये असेल, तर पत्त्यात तिचं नाव लिहिणाऱ्या कुणालाही खासगी चावी मिळते, तीसुद्धा एनक्रिप्ट होऊन, इतमामानं. त्यातून हा सर्व्हर मुळात सगळ्या नेटवर्क कार्डांवर कान देऊन बसतो, म्हणजे वायफायवरचा शेजारीही येऊ शकतो. चाव्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि घरच्या घरीच खेळायचं असेल तर -अॅक्सेप्टला १२७.०.०.१:४४३३ असं द्या.

ब्राउझर सुरुवातीलाच एकदम दोन-तीन कनेक्शन मागतो, आणि एस_सर्व्हर एका वेळी एकाशीच बोलतो. पहिलं रिकामं कनेक्शन धरून बसलं तर दुसरं ताटकळतं, आणि पान कधी येतं, कधी येत नाही. तालुक्याच्या कचेरीत एकच खिडकी उघडी असावी आणि तिथं उभ्या असलेल्याला नेमकं काय काम आहे तेच आठवू नये, तसं. अशा वेळी ब्राउझर सोडून कर्लनं, म्हणजे टर्मिनलातून पान मागवणाऱ्या कमांडीनं, तपासा.

मग फोन येतो. डेमो बघायला बसवलेले हळदीचे व्यापारी पलीकडून विचारतात, ‘‘अहो साहेब, तांबडा त्रिकोण आलाय. कनेक्शन प्रायव्हेट न्हाई म्हणतंय. खात्यातनं पैसं जात्यात काय?’’

‘‘नाही काका, सर्टिफिकेट आपणच आपल्याला दिलंय, म्हणून ब्राउझर विचारतोय.’’

‘‘मग दुसऱ्या कुणाकडनं तरी घ्यायचं की!’’

काकांनी एका वाक्यात सर्टिफिकेट अथॉरिटीचा (सीएचा, म्हणजे सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थांचा) सगळा धंदा सांगितला. एनक्रिप्शन चालूच असतं. समोरचा कोण, याची साक्ष द्यायला तिसरा कुणी नसतो, एवढंच. त्याच वेळी सर्व्हरच्या पडद्यावर ‘सर्टिफिकेट अननोन, अलर्ट नंबर ४६’ अशी ओळ पडते, ती ब्राउझरची तक्रार. कर्ल असेल तर ‘अननोन सीए’, नंबर ४८. एस_क्लायंट १८ नंबरची (सर्टिफिकेट स्वतःच स्वतःला दिलेलं) कुरकुर करतो, पण कनेक्शन तोडत नाही.

इथं कर्लला -के देऊन तपासणीच बंद करायची एक सवय फार पसरली आहे. मला ती अजिबात मंजूर नाही. चाचणी कुलपाची आणि तपासताना कुलूप काढून ठेवायचं, हा काय प्रकार? कर्लला --सीएसर्ट सर्ट.पेम द्या, एस_क्लायंटला -सीएफाइल सर्ट.पेम. ‘व्हेरिफाय रिटर्न कोड: ०’ आलं की खरी पास. तरीही एस_क्लायंट आपणहून नाव जुळवून बघत नाही. त्याला -व्हेरिफाय_होस्टनेम लोकलहोस्ट असं सांगावं लागतं.

मोबाइलवरून बघायचं असेल तर लॅपटॉपचा १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता सर्टिफिकेटात आयपी म्हणून घालावा लागतो. वीज गेली, राउटर पुन्हा चालू झाला की हा पत्ता बदलू शकतो आणि सर्टिफिकेट रद्दीत जातं. राउटरमध्ये तो पक्का करून घ्या. उबुंटू या लिनक्सवर फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारा पहारेकरी) चालू असेल तर ‘यूएफडब्ल्यू अलाउ ४४३३/टीसीपी’. आणि मोबाइलचं घड्याळ मागं असेल तर आत्ताच बनवलेलं सर्टिफिकेट त्याला अजून जन्मलेलंच नसतं. ९ नंबरची चूक तीच.

काम संपलं की कॅपिटल क्यू, किंवा कंट्रोल आणि सी. कंट्रोल आणि झेड नको. त्यानं सर्व्हर बंद होत नाही, पोर्ट बगलेत धरून झोपतो, आणि पुढच्या वेळी ‘अॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ येतं. एफजी लिहून त्याला उठवा आणि मग क्यू. टर्मिनलच बंद करून बसला असाल तर ‘एसएस -एलटीएनपी’मध्ये ४४३३ समोरचा प्रोसेस नंबर बघा आणि किल करा. ब्राउझरच्या विश्वासू यादीत सर्ट.पेम घातलं असेल तर तेही काढून टाका, आणि काकांच्या मशीनवर घातलं असेल तर ते आधी काढा.