समुद्र पूर्वेला आहे, हे आधी कळलं असतं तर

गेल्या महिन्यात तिघांनी इनबॉक्समध्ये एकच प्रश्न विचारला. 'आई-बाबा येतायत, युरोपात शहर पण हवंय, बीच पण हवाय, चार दिवस आहेत, बार्सिलोना-व्हॅलेन्सिया-इबिझा जमेल का?' जमेल. विमानतळं छान बघून होतील.

माझं मत विचाराल तर फक्त स्पेनमधलं व्हॅलेन्सिया करा. आणि काय काय बघायचं याची यादी करण्याआधी कॅलेंडर आणि नकाशा घेऊन बसा. मी यादी केली होती, म्हणून सांगते.

आमचे आई-बाबा धुळ्याचे. मागच्या मे महिन्यात फ्रँकफर्टला माझ्याकडे आले होते. जर्मनीचा शेंगेन व्हिसा स्पेनलाही चालतो, विमान अडीच तासांचं, मग काय. मी मोठ्या हौसेने मालवारोसा बीचवर, अगदी वाळूसमोर हॉटेल घेतलं. आईला समुद्रातला सूर्यास्त दाखवायचा म्हणून समुद्राकडची खोली, त्याचे जास्तीचे पैसे. संध्याकाळी तिघं बाल्कनीत चहा घेऊन बसलो. आठ वाजले, साडेआठ वाजले. मे महिन्यात तिथे नऊ वाजून गेल्यावर सूर्य मावळतो हे वाचलं होतं. तो मावळला, पण आमच्या पाठीमागे, बिल्डिंगांच्या मागे. बाबा शांतपणे म्हणाले, 'अगं, हा किनारा पूर्वेला आहे.'

कोकण-गोव्याला जाऊन जाऊन आपल्या डोक्यात समुद्र म्हणजे पश्चिम हे इतकं पक्कं बसलंय की नकाशा समोर असूनही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी आईने पाण्यात पाय घातले आणि 'बाई गं!' म्हणून बाहेर आली. ऊन कडक, पण पाणी अठरा-एकोणीस अंश. पोहायचंच असेल तर जूनच्या मध्यानंतर जा, नाहीतर सप्टेंबरमध्ये. मे महिन्यात किनाऱ्यावर पहाटे जावं. पावणेसातला सूर्य पाण्यातून वर येतो, वाळू रिकामी असते, आणि मग ट्रामने शहरात यावं. हॉटेल जुन्या शहरात घ्या, बीच ट्रामच्या अंतरावर आहे.

सूर्यास्त हवाच असेल तर शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाचं मोठं सरोवर आहे. सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. तिच्यावर उभं राहिलं की सूर्य सरोवरात बुडताना दिसतो. आजूबाजूला सगळी भातशेती. पाएया, म्हणजे पसरट कढईत शिजवलेला भात, इथलीच. अस्सल पाएयात कोंबडी, ससा, घेवडा आणि चक्क डबल बी असते. कोळंबीवाली ती वेगळी, आणि सॉसेज घातलेली तर इथे कुणी पाएया मानतच नाही. ती दुपारी दोननंतर खायची, निदान दोघांसाठी मागवायची, आणि तळाच्या खरवडीसाठी भांडायचं. शाकाहारी मंडळींनी भाज्यांची मागवली तरी रस्सा कशाचा आहे हे विचारून घ्यावं. आम्ही तीनदा विचारलं. वेटर हसायला लागला.

आता वाराची गोष्ट. रविवारी सेंट्रल मार्केट बंद असतं आणि एरवीही दुपारी तीनला आवरतं, त्यामुळे ते सकाळचं काम. समोरच रेशमाचा जुना बाजार आहे, ला लोंखा. 1482 मध्ये बांधायला घेतलेला, आत पीळ घातलेले उंच खांब. आई तिथे बराच वेळ मान वर करून उभी होती. कॅलात्रावा या आर्किटेक्टची ती पांढरी, सांगाड्यासारखी प्रचंड संकुलं बाहेरून बघा, फोटो काढा, पुढे चला.

पण गुरुवार चुकवू नका. दर गुरुवारी, सणाची सुट्टी नसेल तर, दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या एका दाराशी शेतीच्या पाण्याचं न्यायालय भरतं. आठ कालव्यांचे आठ प्रतिनिधी, शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले, काळे डगले घालून गोलात बसतात. एक जण एकेका कालव्याचं नाव पुकारतो आणि कुणाविरुद्ध तक्रार आहे का विचारतो. सगळा कारभार तोंडी, निकाल जागच्या जागी, आणि त्यावर अपील नाही. परंपरा हजारेक वर्षांची सांगतात. 2009 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. तिथल्या फुटबॉल स्टेडियमचं 'मेस्ताया' हे नावसुद्धा त्यातल्याच एका कालव्याचं.

आमची शेती पांझरा नदीच्या फडातली, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटाखालच्या सामायिक पाण्याच्या पट्ट्यातली. बाबांनी लहानपणी पाटकरी पाणी सोडताना बघितलाय, एका फडात एकच पीक आणि पाण्याची पाळी गावाने ठरवलेली. त्या दिवशी एकही तक्रार नव्हती. नावं पुकारली, कुणी पुढे आलं नाही, पाचेक मिनिटांत सगळे उठले. बाकीचे पर्यटक 'एवढंच?' म्हणून पांगले. बाबा मात्र जागचे हलेनात. म्हणाले, 'तक्रार नाही म्हणजे पाणी बरोबर वाटलं जातंय.'

संध्याकाळी तूरियाच्या बागेत चाललो. ही बाग म्हणजे नदीचं जुनं पात्र. ऑक्टोबर 1957 च्या पुरानंतर नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली. रिकाम्या पात्रात मोठा रस्ता करायचा घाट होता, पण लोक अडून बसले, म्हणून आज पुलांखालून नऊ किलोमीटर झाडं आहेत. बाबांना हे भारी आवडलं. मग मी सांगितलं की 29 ऑक्टोबर 2024 च्या पुरात या नव्या पात्रामुळे शहर वाचलं, पण त्याच्या पलीकडची पायपोर्तासारखी गावं बुडाली, प्रांतात सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. त्यावर ते काही बोलले नाहीत.

आईचा गुरुवारचा उपवास होता. तिला ओर्चाता पाजलं. चुफा नावाच्या छोट्या कंदापासून काढलेलं थंड, पांढरं पेय, साधारण थंडाईतून मसाला वगळावा तसं. हा चुफा आपल्या लव्हाळ्याच्या कुळातला. तोच, महापुरात वाचणारा. कंद आहे म्हटल्यावर उपवासाला चालतो असा निकाल आईने तिथल्या तिथे दिला. त्यावरही अपील नव्हतं. सोबतचे गोड लांबुळके पाव मात्र बाबांनी संपवले.

तर चार दिवसांत एक गुरुवार येईल असं तिकीट काढा. बुधवारी पोचा, शनिवारी रात्री किंवा रविवारी निघा.

बाबा आता धुळ्यात आहेत. अधूनमधून गुरुवारी साडेतीनला (हिवाळ्यात साडेचारला), म्हणजे तिथे बारा वाजतात तेव्हा, त्यांचा फोन येतो. मी ऑफिसात, जर्मनीत, पण त्यांचा प्रश्न ठरलेला: 'आज कुणी तक्रार केली का गं?'