एक पिन आणि चार शहाणे

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात पाणी असते, असे शहरातल्या पाहुण्याला सांगितले की तो आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग चाकाकडे. आपली थट्टा चालली आहे अशी त्याची पक्की समजूत होते. वास्तविक यात काही नवल नाही. हलका ट्रॅक्टर ओल्या रानात जागच्या जागी चाके फिरवत डिझेल जाळत बसतो, म्हणून मागच्या ट्यूबांत पाणी भरून त्याचे वजन वाढवतात. वाल, म्हणजे ट्यूबमध्ये हवा-पाणी भरायचे तोंड, सगळ्यांत वर आणून त्याच्या पातळीपर्यंत पाणी भरले की ट्यूब साधारण 75 टक्के भरते. उरलेल्या जागेत हवा ठेवावी लागते, कारण पाणी दाबले जात नाही आणि हवेची गादी नसेल तर रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट चालवणाऱ्याच्या मणक्याला कळतो. टायरच्या आकाराप्रमाणे कमीजास्त होत असले तरी एका चाकात सुमारे बॅरलभर, म्हणजे दोनशे लिटर पाणी मावते. लोखंडी वजने विकत घ्यावी लागतात आणि विहीर मात्र आपलीच असते, तेव्हा आमच्या वाळवा तालुक्यात या बाबतीत फारसा विचार कोणी करत नाही.

विचार करण्याची वेळ वाल गळू लागल्यावर येते. नुसत्या हवेच्या चाकाचा वाल गळत असेल तर त्यावर थुंकी लावली की बुडबुडा येतो आणि निदान होते. पाण्याच्या चाकाला थुंकीची गरज नसते. बोअरचे क्षारयुक्त पाणी थेंबाथेंबाने बाहेर येऊन वाळते आणि वालाच्या बुडाशी रिमवर पांढरी खपली धरते. ती खपली दिसली की समजावे, वालाच्या आत बसून हवा-पाणी अडवणारी पिन गेली आहे किंवा पिन ज्या पितळी नळीत बसते तिच्याखालचा रबरी वायसर गेला आहे. हे दोन्ही आजार चाक न काढता बरे होतात. वाल मुळाशीच ट्यूबपासून सुटला असेल तर मात्र सगळे पाणी सोडून टायर उतरवावा लागतो, आणि त्या प्रसंगाचे वर्णन सणावाराला वाचण्याजोगे नाही.

पिन बदलण्याचा नियम एका ओळीचा आहे: वाल वर आणा. वाल वर असला की पाणी खाली राहते, पिन काढली तरी फक्त हवा जाते. या नियमात मला आजवर एकच खोट आढळली आहे. वाल गळतो तेव्हा तो नेहमी खाली असतो.

आमचा वाल गळू लागला तो गळीत हंगामात, कारखान्याच्या वाटेवरच्या रांगेत, मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या असताना. वाल अगदी जमिनीजवळ होता आणि त्याच्या टोपीच्या जागी बॉलपेनचे झाकण खुपसलेले होते. ट्रॅक्टर अर्धा फेरा पुढे घेतला असता तर वाल आपोआप वर आला असता. पण या चाकाचा पूर्ण फेरा जवळपास चार मीटरचा, म्हणजे अर्ध्या फेऱ्याला दोन मीटर जागा हवी, आणि पुढच्या ट्रॉलीतल्या उसाची वाढी, म्हणजे हिरवे शेंडे, तर आमच्या रेडिएटरला टेकायच्या बेतात होती. मागे घ्यावे तर दोन ट्रॉल्या सरळ मागे नेणारा माणूस अजून आमच्या पंचक्रोशीत जन्माला यायचा आहे. राहता राहिला जॅक.

जॅकचे नाव निघताच माणसे जमली. आमचे तात्या होते, एसटीतून निवृत्त झालेले बापू होते, ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम होते आणि त्यातच आमचे भाऊजी नव्या मोटारसायकलवरून आले. इतरांना गप्प करता येते. जावयाला 'तुम्ही जरा थांबा' म्हणण्याची सोय आपल्याकडे नाही.

"आधी बघू तर द्या, हवा जातीय का पाणी," असे म्हणून भाऊजी वाकले आणि त्यांनी बॉलपेनचे झाकण ओढले. पाणी जातेय हे सर्वांना कळले. भाऊजींना सर्वांत आधी कळले, कारण झाकणाबरोबर पिनेत अडकलेला मातीचा खडाही निघाला आणि बारीक, गार, गंजकट वासाची चिळकांडी त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर खिशापासून कॉलरपर्यंत तिरपी गेली.

मुकादमांनी लगेच झाकण परत बसवले आणि विषय बदलावा म्हणून बर्फाळ देशांची माहिती दिली. तिकडे पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड घालतात, ते गळले की रिम गंजते, म्हणून काही जण बिटाची साखर काढून उरलेला रस भरतात, ही माहिती खरी होती. पण ती उसाच्या रांगेत सांगायची नव्हती. "मग आपण मळी भरू की," तात्या म्हणाले, आणि मळीने वजन किती वाढेल, मुंग्या लागतील का आणि कारखाना त्याचे पैसे बिलातून कापेल का, यावर बराच वेळ गेला. पाणी गळतच होते.

शेवटी बाजूपट्टीच्या भुसभुशीत मातीत फळी टाकून जॅक लावला आणि चाक अधांतरी झाले. आता ते हाताने फिरवायचे. आम्ही चौघे टायरवरच्या नांगऱ्यांना, म्हणजे जाड रबरी दात्यांना, धरून रेटा देऊ लागलो, पण चाक ढिम्म हलेना. एवढ्या पाण्याचे वजन आहे, असे तात्यांचे मत पडले. वस्तुतः चाक फिरले तरी पाणी तळाशीच राहते, त्यामुळे ते फिरवायला इतके जड जाऊ नये. रेटून रेटून कमरेत कळ आल्यावर बापू सहज म्हणाले, "उतार हाय म्हणून मी गिअरात टाकून ठेवलाय." त्यांच्या मताने ही खबरदारी होती आणि तसे पाहिले तर ती होतीच. मग बाकीच्या सगळ्या चाकांना दगडांच्या उटी, म्हणजे अडसर, लावून गिअर न्यूट्रलला आणला, आणि चाक असे फिरले की वाल वर येऊन पलीकडे उतरूही लागला. "बास! बास! आता मागं!" या गजरात तो एकदाचा माथ्यावर स्थिरावला.

आता पिन काढायला अवजार हवे. पितळी टोपीच्या टोकाला चीर असते आणि तीच पिन फिरवायची किल्ली, ही सोय ज्याने केली त्याला माझा नमस्कार. आमच्याकडे बॉलपेनचे झाकण होते. तात्यांची नजर सावकाश भाऊजींच्या मोटारसायकलकडे वळली. तिच्या मागच्या चाकाला पितळी टोपी होती. ती घेतली, जुनी पिन उलटी फिरवून काढली, फुस्स करत हवा निघाली, पाण्याचा थेंबही आला नाही. पिनेचे रबर एका बाजूने खाल्लेले होते. नवी पिन आणायची तर दुकान इस्लामपुरात.

तात्यांची नजर अजून मोटारसायकलवरच होती. या जातीच्या वालाला श्रेडर वाल म्हणतात आणि त्याचे पेटंट 1893 सालचे. तेव्हापासून या पिनेची मापे अशी टिकली आहेत की मोटारसायकलची पिन पाणी भरलेल्या ट्रॅक्टरलाही चालते. भाऊजींना यातला इतिहास रुचला नाही, पण चारचौघांत सासरच्या माणसांना नाही म्हणण्याची सोय जावयालाही नसते. पिन बसली, पायपंपाने गेलेली हवा भरून काढली, जॅक उतरला. इतक्यात पुढची ट्रॉली हलली, आम्हीही हललो, वाल खाली आला आणि कोरडा राहिला.

मागे वळून पाहिले तर भाऊजी बसक्या मोटारसायकलपाशी उभे होते आणि तिघे शहाणे तिच्याभोवती जमले होते. "काही काळजी करू नका," तात्या त्यांना सांगत होते, "आधी वाल वर घ्या."