बारा फुटी होडीसाठी बारा इंची फिश फाइंडर

होडी घेतलीत, वल्ही घेतलीत, टेंभुर्णीच्या पुढं उजनीच्या फुगवट्याच्या काठी ती बांधायला ओळखीतल्या कुणाची तरी बाभळही बघून ठेवलीत. आता मागं हटायचं नाही. फिश फाइंडर म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र. ते घेताना पहिला विचार पडद्याचा. दुकानदार म्हणेल, लहान होडीला चार-पाच इंची पडदा पुरतो. त्याला पुरत असेल. आपण होडीच्या दर फुटाला एक इंच धरायचा. काठावर उभ्या असलेल्या मेव्हण्याला पडदा दिसला पाहिजे, पाण्यातला मासा नंतर. होडीत दोघांची जागा होती तिथं आता एकच मावेल, पण मेव्हणा तसाही काठावरच आहे.

मग खोली. इथं कंजूषपणा नको. 50 किलोहर्ट्झचा आवाज समुद्रात शेकडो मीटर खाली जातो. 200 किलोहर्ट्झचा तेवढा खोल जात नाही, पण उथळ पाण्यातले बारकावे नीट दाखवतो. उजनीची भिंत 56 मीटरच्या आसपास उंच आणि तुमची होडी फिरणार तिथं पाणी दोन-चार पुरुष खोल. तेव्हा एक किलोवॅटचं, किलोमीटरभर खाली बघणारं यंत्रच घ्या. लोक हसतील, हसू द्या. बाकीच्यांची धरणं रिकामी होतात, आपलं शून्याच्या खाली जातं. 117 टीएमसीतलं 63 टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यात, म्हणजे शून्याखाली मोजायच्या पाण्यात मोडतं, आणि मे महिन्यात सोलापूरकर एकमेकांना तब्येतीआधी ‘मायनस किती?’ विचारतात. असं धरण उद्या कुठवर खाली जाईल याचा नेम नाही. यंत्राची तयारी असलेली बरी.

जपानात फुरुनो बंधूंनी 1948 मध्ये हे यंत्र बाजारात आणलं ते समुद्रातल्या थव्यांसाठी. त्यांच्यापुढं उजनीतल्या चिलापी माशाचा प्रश्न नव्हता.

आता कोनाचं ऐका, कारण खरी गंमत इथं आहे. होडीखालच्या ट्रान्सड्यूसरमधून, म्हणजे आवाज सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या डबीतून, आवाज शंकूसारखा पसरत खाली जातो. कोन 20 अंशांचा असला तर तीन मीटर पाण्यात तळावरचं जेमतेम मीटरभराचं वर्तुळ दिसतं. 60 अंशांचा असला तर साडेतीन मीटरचं. म्हणजे यंत्र सांगणार काय, तर तुमच्या बुडाखाली कोण आहे. आणि बुडाखालचा मासा तुमचा स्टीलचा डबा फळीवर आदळला तेव्हाच निघून गेलेला असतो. शिवाय पडद्याच्या उजव्या कडेला दिसतं तेवढंच ‘आत्ता’. तिथून डावीकडं सरकत जातो तो सगळा इतिहास. पण डावीकडं मासे जास्त दिसतात, म्हणून जाळं डावीकडंच टाकावं.

खालून मासा गेला की पडद्यावर कमान उमटते. लांबलचक कमान उमटली की ‘पाच किलोचा कटला’ म्हणून ओरडायला हरकत नाही. थांबलेल्या होडीखाली एखादी बोटभर मासोळी रेंगाळली तरी लांब रेघ उमटते, हे मेव्हण्याला सांगायची गरज नाही.

कमानी वाचायचा कंटाळा आला तर माशाचं चित्र दाखवणारी सोय आहे. ती चालूच ठेवा. पाण्यात अधांतरी तरंगणारं जे जे काही आवाज परतवेल, त्याला यंत्र मासा ठरवतं: बुडबुडा, शेवाळाचा पुंजका, प्लास्टिकची पिशवी. या बाबतीत उजनीसारखं समृद्ध पाणी शोधून सापडायचं नाही. मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथवर पुणेकर काय काय पाठवतात, त्या सगळ्याला तुमच्या पडद्यावर शेपूट आणि डोळा फुटेल. पुण्यात ज्याला कुणी विचारलं नाही, त्याला इथं माशाचा मान.

आजूबाजूचा तळ दाखवणारा साइड स्कॅन हवाच. उजनीच्या पोटात गावं आहेत, भिंती आहेत, विहिरी आहेत. पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक फोटो काढायला धावतात. तुम्ही पाणी भरलेलं असतानाही बघू शकाल, तेही पिवळ्या-करड्या रंगात. शेजारच्या होडीतला म्हातारा भोई कपाळावर हात धरून म्हणेल, ‘‘मालक, हितं जाळं टाकू नगा, खाली हीर हाय.’’ त्याच्याकडं साफ दुर्लक्ष करा. त्याच्याकडं ना पडदा, ना सॉफ्टवेअर. त्या विहिरीचं पाणी तो लहानपणी प्यायला असेल, पण अपडेट कधी केलंय त्यानं? जाळं अडकून फाटलं की तुमच्या पडद्यावरही विहीर स्पष्ट दिसेलच.

बसवण्याचं फार मनावर घेऊ नका. ट्रान्सड्यूसर होडीच्या मागच्या फळीला, पाण्याखाली, इंजिनाच्या पंख्याच्या बुडबुड्यांपासून दूर लावतात. आतून चिकटवून आवाज आरपार जातो तो भरीव फायबरच्या बुडातून. लाकडातून त्याची आशा धरू नये. तुमची होडी लाकडी असेल तर आतूनच चिकटवा. तळ दिसणार नाही, पण फळीला भोक तर पडणार नाही.

बॅटरी बारा व्होल्टची लागते आणि मोठा पडदा ती भराभर पितो. घरच्या इन्व्हर्टरची काढून न्या. घरचे वर्तमानपत्रानं वारा घेतील. सोलापूरच्या उन्हात, पारा चाळिशीपार गेला की पडद्यावर स्वतःचाच घामेजलेला चेहरा दिसतो, तेव्हा जास्त उजेडाचा पडदा घ्या आणि वर छत्री धरा. पाण्याची भीती नको. आयपीएक्स-7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास सुरक्षित. मे महिन्यात यंत्र पडलंच तर होडीतून उतरा, वाका, उचला.

एवढं करूनही पडदा रिकामाच दिसला तर सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवा. सगळीकडं ठिपके ठिपके होतील, भरल्यासारखं वाटेल. परवान्याचं मात्र कुणी विचारलं तर पडद्याची चमक कमी करा.

आणि खोलीचा आकडा रोज एकाच जागी, त्याच बाभळीच्या रेषेत बघत जा; यंत्रातला हा एकच आकडा बिनबोभाट खरा असतो. उन्हाळ्यात तो भराभर उतरायला लागला की समजा, सोलापूर शहराच्या पिण्यासाठी भीमेत पाणी सुटलंय. शहरासाठी पाणी अडवतात त्या औज बंधाऱ्यापर्यंत यायला त्याला आठवडा-दहा दिवस तरी लागतात. लगेच घरी फोन लावा आणि पिंपं घासून ठेवायला सांगा.