बोर्ड लावला म्हणजे झालं?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत सातव्या मजल्यावरच्या एका लॅब्राडॉरने पार्सल द्यायला आलेल्या मुलाची पोटरी फोडली. दार अर्धवट उघडं, कुत्र्याला पट्टा नाही, आणि मुलगा ओटीपी विचारत उभा. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. "दारावर 'कुत्र्यापासून सावधान' लिहिलंय, वाचता येत नाही का?" असं एका काकूंनी सुनावलं. मग कुणीतरी ऑगस्ट २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा भटक्या कुत्र्यांबद्दलचा आदेश काढला, आणि गाडी तिकडेच वळली. पोटरीवाला मुलगा बाजूलाच राहिला. बाबा मला स्क्रीनशॉट पाठवत होते.

मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला राहतो. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेचं कलम ३३४२ या बाबतीत फार कोरडं आहे. कुत्रा आधी कुणाला चावला होता का, त्याचा स्वभाव मालकाला ठाऊक होता का, हे विचारायचंच नाही. चावला, आणि ज्याला चावला तो तिथे रीतसर आलेला होता, एवढं पुरे. पत्र टाकायला अंगणात शिरलेला पोस्टमन रीतसरच आलेला असतो. नुसत्या बोर्डाने जबाबदारी टळत नाही. पैसे बहुधा घराच्या विम्यातून जातात. (सगळी अमेरिका अशी नाही, टेक्साससारख्या राज्यात मालकाला आधी कल्पना होती का, हा मुद्दा येतोच.)

इथलं सगळं गोड नाही. काही विमा कंपन्या पिटबुल, रॉटवायलर म्हटलं की हात वर करतात. रेबीजच्या इंजेक्शनांचं बिल हजारो डॉलर होऊ शकतं. ठाण्यात त्या मुलाला लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली, आणि तिथवर रिक्षाने घेऊन गेला तो आमचा वॉचमन. इथे आधी वकिलाचं कार्ड आलं असतं.

पण लस फुकट असली तरी दिवस फुकट नसतो. पहिला दिवस, मग तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा: प्रत्येक वेळी रांग, आणि तेवढ्या ऑर्डरी बुडाल्या. ते कोण भरणार? भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली निष्काळजी मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड सरकारजमा, कोर्टाने मुद्दाम ठरवलं तरच त्यातलं काही मुलाच्या हाती. मुंबईत २०१० साली रॉटवायलर चावल्याच्या खटल्यात मालकाला ३ महिन्यांची शिक्षा झाली ती २०२३ मध्ये. भरपाईसाठी वेगळा दिवाणी दावा लावून मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा. पार्सलवाला पोरगा हे करेल?

दोष न विचारता भरपाई द्यायची, हे आपल्याला परकं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार अपघातात मृत्यू झाला तर ५ लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख, चूक कुणाची हे सिद्ध न करता. स्कूटरलासुद्धा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. कुत्र्याच्या विम्यातही असं कवच आपल्याकडे विकत मिळतं. कुत्र्याचा परवाना महापालिका देतेच. त्या अर्जाला लसीच्या दाखल्यासोबत पॉलिसीची प्रत जोडायला लावावी.

बाबा म्हणाले, "मग परवानेच कोणी काढणार नाही." असेल. पण सोसायटीला कुत्र्यांवर बंदी घालता येत नसली, तरी पॉलिसीचा आग्रह धरायला महापालिकेची वाट कशाला बघायची? पुढच्या मीटिंगमध्ये विषय मांडा, म्हटलं. आणि त्या मुलाच्या बुडालेल्या दिवसांचे पैसे सातव्या मजल्यावरच्या मालकाकडून आधी घ्या.