सौम्य म्हणजे पाणी नव्हे, राजेहो

‘व्हिनेगर हे सौम्य आम्ल. पीएच पट्टीवर ३ दिसलं की आम्ल नावालाच. म्हणून घट्ट ॲसिड आणा, हातानं पाणी मिसळा, काही होत नाही. तपासायला हळद पुरे.’ हा मेसेज फिरत फिरत वहिनींच्या बचत गटात पोचला. लोणच्यासाठी त्या ‘घट्ट’ची पाच लिटरची कॅन चुलीशेजारी ठेवलेली पाहिली आणि माझं डोकंच फिरलं.

आधी ती कॅन. रसायनशास्त्रात ‘सौम्य’ म्हणजे पाण्यात आम्लाचे थोडेच रेणू फुटतात, एवढंच. पाणी किती घातलंय हे सांगायला विरल (पातळ) आणि संहत (घट्ट) असे वेगळे शब्द नववी-दहावीच्या पोट्ट्यांनाही ठाऊक असतात. व्हिनेगरमधलं आम्ल म्हणजे ॲसेटिक ॲसिड; ते जवळजवळ निव्वळ, संहत असलं की कातडी भाजते. फोड कधी कधी काही तासांनी येतात, तोवर माणूस ‘पाहा, काही झालं का?’ म्हणत फिरतो. थंडीत १६-१७ अंशांखाली ते बर्फासारखं थिजतं, मोठं गरीब दिसतं. पण ४० अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते. मे महिन्यात विदर्भात पारा कुठं असतो, ते मी सांगायला नको. त्यात शेजारी चूल! ते खाण्याच्या प्रतीचं आहे का, हेही कॅनवर कुठं लिहिलेलं नव्हतं.

पीएचचं म्हणाल तर ते फुटलेल्या रेणूंचं माप. ०.१ मोलर (मोलर म्हणजे लिटरमागे किती रेणू, त्याचं माप) ॲसेटिक ॲसिडात शंभरातला जेमतेम एखादा रेणू फुटलेला असतो. पट्टीला तेवढेच दिसतात. जिनिंगच्या काट्यावर एका वेळी एकच गाडी असते, म्हणून फाटकाबाहेरच्या रांगेत कापूसच नाही म्हणायचं का? कॉस्टिक सोडा (आम्लाला मारणारा अल्क, खायचा सोडा नव्हे) टाकत गेलं की उरलेले रेणूही फुटत जातात. म्हणून लिटरमागे तेवढेच रेणू असलेल्या, तेवढ्याच हायड्रोक्लोरिक ॲसिडाला जितका सोडा लागतो, तितकाच यालाही.

हळदीचं अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. कुंकू होतं तेही हळद चुन्यानं लाल होते म्हणूनच. पण हळद हळूहळू लालसर होते, आम्ल संपल्याचा नेमका थेंब सापडत नाही. हळदीसाठी नावाजलेल्या वायगावची असली तरी.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसेटिक ॲसिड हवं. ते मोजायचं असं: १० मिली व्हिनेगर पाणी घालून १०० मिली करा, त्यातलं १० मिली शंकुपात्रात घ्या, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन (आम्ल संपलं की गुलाबी होणारं दर्शक), आणि ब्युरेटमधून (थेंब मोजून सोडणाऱ्या नळीतून) ०.१ मोलर कॉस्टिक सोडा. सोडा आधी ऑक्झॅलिक ॲसिडवर पारखलेला हवा, तो हवेतलं पाणी ओढतो. मिथिल ऑरेंज हे दुसरं दर्शक नको, त्याचा रंग फार आधीच बदलतो. फिकट गुलाबी टिकायला ६.२५ मिली लागला, तर ३.७५ टक्के.

वहिनींच्या जुन्या, दुकानातल्या बाटलीला ६.४ मिली लागला. कॅन आता आमच्या लॅबच्या कपाटात आहे. दुकानदार परत घ्यायला तयार नाही.