स्कॅन केल्याने सर्व्हर हॅकरच्या नजरेत येत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

परवा रात्री आतेभावाचा फोन आला. तो सांगलीत एका पतसंस्थेचे तीन सर्व्हर बघतो, एकटाच. म्हणाला, "दादा, दर महिन्याचं एसएसएच स्कॅनिंग मी बंद करून टाकलं." एसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय, आणि स्कॅनिंग म्हणजे ती कुठे, कोणत्या व्हर्जनची चालू आहे ते बाहेरून तपासणं. बंद का केलं, तर अ‍ॅडमिन लोकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: स्कॅन केलं की सर्व्हर हॅकरच्या नजरेत येतो, पोर्ट (एसएसएच ज्या दारातून चालतं त्याचा नंबर) २२ चा २२२२ करा, पासवर्ड तगडा ठेवा, व्हर्जन बघू नका ते चुकीचंच दिसतं, आणि वर म्हणे स्कॅन करणं गुन्हा आहे. मलाही तो तीनदा आला होता, मी सोडून दिला. पण घरचा माणूस त्यावर विश्वास ठेवून काम थांबवत असेल तर आता लिहायलाच पाहिजे.

आधी ते "नजरेत येतो" प्रकरण, कारण खरं नुकसान त्यानेच होतंय. एसएसएचच्या पोर्टला कुणीही जोडलं की युजरनेम, पासवर्ड विचारायच्या आधीच सर्व्हर स्वतःहून एक ओळ पाठवतो, मी अमुक सॉफ्टवेअर, अमुक व्हर्जन. एसएसएचचे नियम ज्यात लिहिलेत त्या आरएफसी ४२५३ मध्ये तसं ठरलेलंच आहे, ही ओळ दोन्ही बाजूंनी पाठवावीच लागते. व्हर्जन बघणारा स्कॅनर ती ओळ वाचतो आणि कनेक्शन तोडतो, बस्स. झीमॅप हे स्कॅनिंगचं टूल २०१३ पासून फुकट मिळतंय, गिगाबिट लाइन असेल तर अख्ख्या आयपीव्ही४ इंटरनेटवर एक पोर्ट पाऊण तासात तपासून होतो, शिवाय शोडान आणि सेन्सिस या इंटरनेट स्कॅन करणाऱ्या सेवा हेच काम सतत करत असतात. म्हणजे तुमचं व्हर्जन बाहेरच्यांना आधीच माहीत आहे, स्कॅन बंद केलं तर ते फक्त तुम्हालाच कळणार नाही.

पोर्ट बदलल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, तेवढं मान्य. पण २२२२ हा तर लोक २२ नंतर लगेच बघतात, आणि भोक सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ते नव्या पोर्टवरही तसंच राहतं.

तगडा पासवर्ड ठेवाच, पण तो प्रत्येक वेळी कामाला येतो हे साफ खोटं. १ जुलै २०२४ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने रिग्रेशन नावाचं भोक जाहीर केलं, त्यांची अ‍ॅडव्हायजरी शेवटपर्यंत वाचा. २००६ मध्ये बुजवलेलं भोक ऑक्टोबर २०२० मधल्या एका बदलाने परत उघडलं, आणि ग्लिबसी ही लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरमध्ये ८.५पी१ पासून ९.८पी१ च्या आधीपर्यंत राहिलं. कनेक्शन उघडून कुणी ठरलेल्या वेळेत, म्हणजे डिफॉल्ट १२० सेकंदांत, लॉगिनच केलं नाही की वेळ संपल्याचा सिग्नल हाताळणारा कोडचा तुकडा (सिग्नल हँडलर) चालतो, त्याला नको त्या क्षणी गाठलं तर थेट रूट, म्हणजे सर्व्हरचा पूर्ण ताबा. पासवर्ड विचारायची वेळच येत नाही! सोपं नाही, सरासरी दहा हजार प्रयत्न आणि सहा ते आठ तास लागतात, आणि तेव्हा त्यांनी ते ३२-बिटवरच करून दाखवलं होतं. पण पतसंस्थेत रात्री आठ तास स्क्रीनकडे बघत कोण बसतं? इंटरनेटवर असे १ कोटी ४० लाखांहून जास्त सर्व्हर असू शकतात हेही त्यांनीच सांगितलं, आणि तो आकडा शोडान-सेन्सिसच्या स्कॅनमधूनच काढलाय.

व्हर्जन चुकीचं दिसतं, यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. उबुंटू, डेबियन, रेड हॅट वाले मोठं व्हर्जन न बदलता जुन्यातच पॅच घालतात. पण म्हणून बघायचं नाही? मी भावाला फोनवरच एका सर्व्हरला एनसी या साध्या कमांडने जोडायला लावलं. ओळ आली: ओपनएसएसएच_८.९पी१ उबुंटू-३उबुंटू०.६. तो म्हणाला, ८.९ तर पॅच केलेलं पण असू शकतं ना. अरे, शेपूट वाच. उबुंटू २२.०४ मध्ये रिग्रेशनचा पॅच ०.१० ला आला, तुझं ०.६ आहे. स्कॅनर नुसता ८.९ चा आकडा बघून लाल दाखवत असेल तर पॅकेजचं व्हर्जन सर्व्हरवर जाऊन ताडून बघायचं, स्कॅनच बंद करायचं नाही.

गुन्ह्याचं म्हणाल तर आयटी कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या उद्योगांबद्दल आहे. संस्थेकडून लेखी घ्या आणि आपल्याच रेंजवर चालवा.

त्याच रात्री त्याने एनमॅप हे स्कॅनिंगचं टूल परत लावलं, या वेळी पूर्ण ऑफिस रेंजवर. यादीत तीन सर्व्हर होते, एसएसएच चारांवर सापडलं. चौथा म्हणजे कुणीतरी कधीतरी बॅकअपसाठी लावलेला डबा, त्यावर उबुंटू १६.०४, ज्याचा नेहमीचा सपोर्ट एप्रिल २०२१ लाच संपलाय. रिग्रेशन त्याला लागू नाही, पण नंतरची कितीतरी भोकं तशीच उघडी. भावाला तो सर्व्हर आहे हेच माहीत नव्हतं. सकाळी जाऊन त्याने आधी त्याची केबल काढली, मग बाकीचे अपडेट केले.