‘कबुली दिली तरी सुटतात’: फिरत्या संदेशातलं एकेक वाक्य तपासताना

आंब्याचा हंगाम आला की वाडीवाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा मजकूर साधारण असा: ‘बागेतले गडी आणि बोटीवरचे खलाशी चोरीत सापडतात, पोलिसांपुढे कबुली देतात, तरी कोर्ट सोडतं. सरकार त्यांना फुकट वकील देतं, दोन दिवसांत जामिनावर मोकळे. वकिलांनी ठराव करून असल्यांचं वकीलपत्र नाकारावं. आपला माणूस अडकला तर मात्र गुन्हा कबूल करा, दंड भरा, विषय संपवा.’

आधी ठराव, कारण तो चटकन निकालात निघतो. अमुक आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही, हा वकील संघटनेचा ठराव बेकायदा आणि निरर्थक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात सांगून ठेवलंय. समुद्रमार्गे आलेल्या कसाबलाही वकील मिळाला होता. त्याने फाशी टळली नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात ती कायम झाली आणि त्याच वर्षी अमलात आली.

आता कबुली. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याच्या २५ ते २७ कलमांत असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. अपवाद एकच: आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढा भाग चालतो. ‘मी चोरली’ हे जातं, ‘सुरूच्या बनात पुरलीय’ हे राहतं. खटले पडतात ते इथेच. वस्तू कोणालाही दिसेल अशा उघड्यावर सापडलेली असते. पंच तेच ते, दर पंचनाम्याला सही करणारे. आरोपी नेपाळी बोलणारा आणि निवेदन मात्र अस्खलित मराठीत. बचावाच्या वकिलाने उलटतपासात एवढं काढलं की पुढे सरकारी पक्षाला सावरणं अवघड. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १०५ झडती-जप्तीचं ध्वनिचित्रण सक्तीचं करतं, त्यामुळे ते केलेलं नसेल तर पहिला प्रश्न तोच. कबुली खरोखर हवी असेल तर ती दंडाधिकाऱ्यांपुढे, ‘बोलायची सक्ती नाही आणि हे तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल’ ही समज दिल्यानंतर. (दहशतवादाविरुद्धचा टाडा, जो १९९५ साली संपला, आणि संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का हे कायदे निराळे. टाडात अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढचा जबाब चालायचा, मोक्कात आजही चालतो. श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरलेल्या स्फोटकांच्या, म्हणजे १९९३ च्या खटल्यात असे जबाब वापरले गेले. लोकांच्या डोक्यातला गोंधळ बहुधा तिथूनच आलेला.)

फुकट वकील ‘त्यांच्या’साठीच असतो, हेही खरं नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ पाहा: महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, आपत्तिग्रस्त आणि कोठडीतली कोणीही व्यक्ती. या गटांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा प्राधिकरणात, फोन १५१००. आरोपीची बाजू विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक (बचाव वकील) कार्यालयातले वकील मांडतात.

जामिनाचं वाक्य सगळ्यात जास्त दिशाभूल करणारं. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे ते पोलिसांना लेखी नोंदवावं लागतं, नाहीतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते (सर्वोच्च न्यायालयाचा अर्णेश कुमार निकाल, २०१४). गावाला वाटतं सोडून दिला. त्याच्या हातात नोटीस असते आणि ती मोडली तर अटक होऊ शकते.

अटक झाली आणि जामीन मंजूर झाला, तरी दार लगेच उघडत नाही. आदेशात जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी) आणि ‘एक सक्षम जामीनदार’ असतो. जामीनदाराने आधार, रेशनकार्ड, सातबारा, कधी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला आणायचा. कोकणात घोडं अडतं ते सातबाऱ्यावर. जमीन अजून आजोबांच्या नावावर, वारसनोंद नाही, वीस सहहिस्सेदार, निम्मे मुंबईला. त्यातला या माणसाचा हिस्सा किती, हे कारकुनालाही सांगता येत नाही. परप्रांतीय खलाशाला तर जामीनदारच नाही. इथे मोतीराम (१९७८) प्रकरण उपयोगी पडतं. एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही चूक ठरवलं. म्हणून रक्कम कमी करण्याचा, जामीनदाराऐवजी रोख भरू देण्याचा अर्ज करायचा. सात दिवसांत बाहेर न आल्यास कारागृह अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असा २०२३ चा आदेश आहे. तो ठाऊक नसलेले पुष्कळ आहेत.

दोषारोपपत्र ६० दिवसांत (मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ९०) आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. मोजणी पहिल्या रिमांडपासून, म्हणजे न्यायालयाने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून, तो दिवस धरून. पण अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्याआधी पडला पाहिजे. एक दिवस उशीर झाला की हक्क गेला, आणि तो नेमका वकील नसलेल्यांचा जातो.

राहिला शेवटचा सल्ला, ‘कबूल करा आणि दंड भरा’. हा आपल्याच माणसाचं नुकसान करतो. कबुली दिली की दोषसिद्धी नोंदली जाते आणि अपिलात फक्त शिक्षा किती व कायदेशीर का, एवढंच बोलता येतं. पुढे जहाजावर किंवा आखातात जायचं असेल तर चारित्र्य पडताळणीत ती नोंद समोर येते. खटला प्रलंबित असेल तर पारपत्रासाठी न्यायालयाची परवानगी लागते; ते त्रासाचं, पण निभतं. बांधावरच्या साध्या मारहाणीत तिसरी वाट असते: जखमी इसमाच्या संमतीने तडजोड. तिची पुरसिस (लेखी निवेदन) न्यायालयात दाखल झाली की कायद्याच्या लेखी परिणाम निर्दोष सुटकेचाच होतो, आणि त्यासाठी दंडाची पावती फाडावी लागत नाही.